चिनी हिरवा चहा : हंगाम आणि गुण

पौषांतल्या एखाद्या सकाळीं पुण्याच्या आसपासच्या शिवारांत ज्यानें आगटीभोवतीं बसून हुरडा खाल्ला आहे, त्याला चीनमधील हिरव्या चहाचें मर्म समजावून सांगण्यास फार शब्द खर्चावे लागणार नाहींत. ज्वारीचें कणीस फार आधीं मोडलें तर दाण्यांत नुसतें दूध असतें; थोडें उशिरां मोडलें तर दाणा पिठूळ आणि निबर होऊन बसतो. मधल्या मोजक्या दिवसांत मात्र तो गोड, लुसलुशीत आणि भरलेला असतो. त्याच स्थितींत तो पकडावा लागतो, मोडल्यावर लवकर भाजावा लागतो आणि ऊन आहे तोंच खावा लागतो. हंगाम, कोंवळीक आणि अग्नि या तीन गोष्टी जुळून आल्या म्हणजे हुरडा होतो. एरवी ती ज्वारीच. चीनच्या हिरव्या चहाची गोष्टहि अशीच आहे. थोडक्या दिवसांच्या हंगामांत खुडलेला, कोंवळा आणि वेळींच अग्नीनें थोपवून धरलेला असा तो पाला आहे.

गेल्या कांहीं वर्षांत पुण्याच्या पेठांतून व उपनगरांतून हा चहा सर्रास मिळूं लागला आहे. कोणी तो प्रकृतीसाठीं घेतो, कोणी अंगाची चरबी झडावी म्हणून घेतो, कोणी पाहुण्यांस कांहीं नवें द्यावें म्हणून घेतो. परंतु पुष्कळांची त्याच्याशीं पहिली भेट निराशेचीच होते. नेहमींच्या संवयीनें आधण खळखळूं द्यावें, त्यांत चिमूटभर पाला टाकून आणखी एक उकळी आणावी, आणि कपांत जें पिंवळट, कडू, तुरट पाणी उतरेल तें नाक दाबून प्यावें, असा प्रकार घरोघर चालतो. मग हा चहा नव्हे, काढा आहे, असा निकाल लागतो. हा निकाल पाल्यावर अन्याय करणारा आहे. दोष बहुधा तीन ठिकाणीं असतो. पाला कोणत्या हंगामाचा हें विचारलेलें नसतें. तो खुडून किती महिने झाले याची चौकशी केलेली नसते. आणि त्यावर उकळतें पाणी ओतलेलें असतें. हे तिन्ही दोष टाळतां येण्यासारखे आहेत, आणि त्यासाठीं पैशापेक्षां माहितीची गरज अधिक आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. परसांत लावलेला आणि आल्याबरोबर आधणांत पडणारा गवती चहा हा चहाच नव्हे. ती एक सुगंधी गवताची जात आहे. हिरवा चहा होतो तो नेहमींच्या काळ्या चहाच्याच झुडुपापासून. वनस्पतिशास्त्रांत त्याला कॅमेलिया सायनेन्सिस असें नांव आहे. काळ्या चहाचें झुडूप निराळें आणि हिरव्याचें निराळें अशी समजूत यूरोपांत पुष्कळ काळ होती. रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानें १८४० नंतरच्या दशकांत चीनमध्यें हिंडून दोन्ही चहा एकाच झुडुपाचे असल्याचें दाखवून दिलें. फरक आहे तो खुडल्यानंतरच्या कृतींत. वांगें चिरून ठेवलें तर त्याच्या फोडी थोड्याच वेळांत काळवंडतात, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतें. चहाच्या पानांतहि असेंच एक विकर असतें. पान चुरगळलें कीं तें विकर पानांतील तुरट द्रव्यांस जाऊन मिळतें आणि हवेच्या साह्यानें त्यांचा रंग व चव पालटतें. हा पालट पूर्ण होऊं दिला तर काळा चहा तयार होतो. अर्ध्यावर रोखला तर चीनमध्यें ज्याला ऊलुंग म्हणतात तो मधला प्रकार होतो. आणि आरंभींच उष्णता देऊन विकर निकामी केलें तर पान हिरवें राहतें. तोच हिरवा चहा.

पुण्याची आणि चिनी चहाची ओळख वाटते तितकी नवी नाहीं. चहा हा शब्दच मुळांत चिनी आहे. आसामचा चहा लंडनच्या लिलावांत प्रथम विकला गेला तो १८३९ सालीं. त्यापूर्वीं पश्चिम किनाऱ्यावर जो चहा उतरे तो चीनचा असे. जॉन ओव्हिंग्टन नांवाचा इंग्रज धर्मोपदेशक १६८९ सालीं सुरतेस आला होता. तेथील लोक डोकेदुखीवर व पोटाच्या विकारांवर पाण्यांत मसाला उकळून चहा घेतात, कोणी खडीसाखरेबरोबर घेतात, कोणी मुरवलेल्या लिंबाबरोबर घेतात, असें त्यानें नमूद करून ठेवलें आहे. मसाल्याच्या चहाची आवड या किनाऱ्यावर निदान तितकी जुनी आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत मुंबईचे व्यापारी कापूस आणि माळव्याची अफू चीनला नेत व तिकडून रेशीम, साखर आणि चहा आणीत. या व्यापाराचा अफूचा भाग चीनला किती नडला हें इतिहासांत प्रसिद्धच आहे. त्याच व्यापारांत सर जमशेटजी जिजीभाई यांनीं अपार संपत्ति मिळवली, आणि तिच्यांतूनच पुण्याच्या पाणीपुरवठ्यास व मुळामुठेवरील बंधाऱ्यास मोठी देणगी दिली. चहाच्या पेल्यांत ज्या काळीं पुण्याला फारशी गोडी नव्हती, त्या काळींहि चीनच्या व्यापाराचें पाणी पुण्यास अशा रीतीनें पोंचलें होतें. शतकाच्या उत्तरार्धांत तर चीनचा हिरवा चहा मुंबई बंदरांत उतरून पंजाबमार्गें काबूल व मध्य आशियाकडे जात असे.

पुण्यांत चहाचा पेला खरा गाजला तो १८९० च्या ऑक्टोबरांत. गुरुवार पेठेंतील पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानिमित्त जमलेल्या मंडळींस चहा व बिस्किटें देण्यांत आलीं. न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखीं माणसें त्या मंडळींत होतीं. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातीं घेऊन ठेवून दिला. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें छापून आणलीं आणि शहरांत मोठें ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. वाद पाल्याचा नव्हता. पेला कोणाच्या हातचा, याचा होता. त्यानंतर पाऊणशें वर्षांच्या आंत त्याच पुण्यांत चौकाचौकांत अमृततुल्याचीं दुकानें थाटलीं गेलीं, पितळेच्या भांड्यांत दूध, आलें व वेलदोडे घालून चहा रटरटूं लागला, आणि तो कोणाच्या हातचा हें विचारण्याचें कोणास कारण उरलें नाहीं.

या अमृततुल्य चहाला लागतो तो दाणेदार काळा चहा. पान चिरडून, फाडून, त्याच्या गोळ्या वळणारीं यंत्रें १९३० च्या सुमारास आसामांत निघालीं, आणि आज भारतांतील बहुतेक चहा त्याच रीतीनें होतो. हा चहा कडक असतो. दूध, साखर, आलें या सर्वांना पुरून उरतो. कितीहि उकळला तरी बिघडत नाहीं. पुणेकराच्या हातास वळण पडलें आहे तें या चहाचें. हिरव्या चहाचा स्वभाव याच्या अगदीं उलट आहे. तो उकळी सोसत नाहीं, दूध सोसत नाहीं आणि काळहि फारसा सोसत नाहीं. म्हणून त्याची जात ओळखण्यास तो कोठें, केव्हां व कसा खुडला जातो येथून आरंभ केला पाहिजे.

महाराष्ट्रांतील शेतकरी सण-वारांसाठीं चांद्र महिने मानतो, परंतु पेरणीचा विचार मात्र मृग, आर्द्रा या नक्षत्रांवर करतो. हीं पावसाचीं नक्षत्रें सूर्याच्या गतीवर बसविलेलीं असल्यामुळें मृग दरवर्षीं जूनच्या ७-८ तारखेसच लागतो. चीनमध्येंहि अशीच दुहेरी व्यवस्था आहे. सणांचे महिने चंद्रावर चालतात, आणि शेतीसाठीं सौर वर्षाचे चोवीस भाग पाडलेले आहेत. प्रत्येक भाग सुमारें पंधरा दिवसांचा. वसंतसंपातानंतर पंधरा दिवसांनीं, म्हणजे एप्रिलच्या ४ ते ६ तारखेस, जो भाग सुरू होतो त्याला छिंगमिंग म्हणतात. निर्मळ आणि उजळ असा त्याचा अर्थ. त्या दिवशीं चिनी लोक पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करून त्यांस वंदन करतात. त्यानंतरचा भाग गूयू, म्हणजे धान्याचा पाऊस. तो एप्रिलच्या १९ ते २१ च्या सुमारास लागतो. मे महिन्याच्या ५-६ तारखेस ग्रीष्माचा आरंभ होतो. चहाच्या व्यापारांत याच तारखा मोठ्या महत्त्वाच्या. छिंगमिंगपूर्वीं खुडलेला पाला पहिल्या प्रतीचा, छिंगमिंग ते गूयू यांच्या दरम्यानचा दुसऱ्या प्रतीचा, आणि त्यापुढचा साधा, अशी सर्वसाधारण प्रतवारी असते. पुण्यांत गुढी उभारली जाते त्या सुमारास चीनच्या जकियांग प्रांतांतील हांगचौ शहराभोंवतालच्या टेकड्यांवर या पहिल्या खुडणीची धांदल चाललेली असते. प्रसिद्ध लुंगचिंग चहा याच टेकड्यांवर होतो.

आठ-पंधरा दिवसांच्या फरकानें चवींत व किंमतींत एवढें अंतर कां पडावें, या प्रश्नाचें उत्तर झुडुपाच्या जीवनक्रमांत आहे. हांगचौस हिवाळा कडक असतो. थंडींत झुडूप निजल्यासारखें असतें; नवें पान फुटत नाहीं. या काळांत मुळांतून घेतलेलें नत्र त्याच्या अंगांत सांचून राहतें. वसंतांत दिवसाचें सरासरी उष्णमान १० अंश सेंटिग्रेडच्या वर टिकूं लागलें कीं कोंब फुटतात, आणि हिवाळाभर सांचलेली शिदोरी त्या पहिल्या कोंबांच्या वांट्यास येते. या शिदोरींत थियानिन नांवाचें एक द्रव्य मुख्य असतें. जपानी शास्त्रज्ञांनीं तें १९४९ सालीं चहाच्या पानांतून वेगळें काढलें. तें मुळांत तयार होऊन कोंबांकडे चढतें, आणि चहाच्या पाण्यास जो गोडसर, भरीव, जिभेवर रेंगाळणारा रस येतो तो बव्हंशीं त्यामुळें येतो. परंतु ऊन कडक होऊं लागलें म्हणजे पानांत थियानिन मोडत जातें आणि कॅटेचिन नांवाचीं तुरट द्रव्यें वाढत जातात. हुरड्याच्या दाण्यांतील साखरेचें जसें दिवसेंदिवस पीठ होतें, तसाच हा पालट समजावा. म्हणून वसंताचा पाला गोड व सौम्य आणि उन्हाळ्याचा पाला कडू व तुरट. पहिल्या हंगामाचें कौतुक ही केवळ श्रीमंतांची हौस नसून त्याच्या मुळाशीं झाडाचा हा धर्म आहे.

खुडणीचें काम नाजूक असतें. उत्तम प्रतीसाठीं एक कोंब आणि त्याच्या शेजारचें नुकतेंच उमलूं लागलेलें एक पान एवढेंच घेतात. नखानें तोडल्यास देंठ चिरडून लाल पडतो, म्हणून दोन बोटांत धरून वर उचलल्यासारखें तें तोडावें लागतें. हें काम बहुतेक ठिकाणीं बायकाच करतात, आणि हंगामाच्या चार आठवड्यांपुरत्या त्या दूरच्या जिल्ह्यांतून व शेजारच्या प्रांतांतूनहि येतात. किआंगसू प्रांतांतील थायहू सरोवराच्या कांठीं होणाऱ्या बीलोछुन या चहाचे कोंब इतके बारीक असतात कीं त्यांच्या अर्धा किलो वाळल्या मालास साठ-सत्तर हजार कोंब लागतात. कोणत्याहि हिरव्या चहाच्या एक किलो मालास चार-पांच किलो ताजा पाला लागतोच. त्यांत एखाद्या रात्रीं उशिरांचें दंव गोठून पडलें तर टेकडीच्या टेकडी कोळपून जाते. छिंगमिंगपूर्वींच्या चहास जी किंमत पडते तींत चवीप्रमाणेंच या बोटांची मजुरी आणि ही जोखीमहि धरलेली असते.

खुडलेला पाला त्याच दिवशीं हातावेगळा करावा लागतो. लुंगचिंगचा पाला प्रथम बांबूच्या सुपांवर कांहीं तास पातळ पसरून ठेवतात. त्यानें अंगचें पाणी थोडें कमी होतें व गवतासारखा उग्र वास निघून जातो. मग दोनशें अंशांच्या आसपास तापलेल्या लोखंडी कढईंत तो थोडा थोडा घालून हातानें परततात. हीच ती अग्नीची घडी. कढई मंद राहिली तर विकर जिवंत राहून पान लाल पडतें. अधिक तापली तर पान करपतें. परततांनाच तळहातानें दाबून पान चपटें केलें जातें. नंतर तें निवूं देऊन दुसऱ्यांदां मंद आंचेवर कोरडें करतात, आणि शेवटीं त्यांत शेंकडा पांच-सहा भाग एवढाच ओलावा राहतो. आज पुष्कळसें काम यंत्रें करतात, परंतु उंची माल अद्यापि हातानें परतला जातो. तयार चहा कळीच्या चुन्याबरोबर मडक्यांत कांहीं दिवस झांकून ठेवण्याची जुनी रीत आहे. चुना उरलासुरला ओलावा शोषून घेतो आणि चव निवळते.

ही परतण्याची कृति सर्वांत प्राचीन आहे असें मात्र नव्हे. आठव्या शतकांत लू यू या ग्रंथकारानें चहावर ग्रंथ लिहिला त्या काळीं पाला वाफवून, कुटून त्याच्या वड्या थापीत. मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहानें १३९१ सालीं दरबारास नजराण्यादाखल येणाऱ्या वड्या बंद करून सुटा पाला मागवला, आणि तेव्हांपासून सुट्या व कढईंत परतलेल्या चहाचें प्रस्थ वाढलें. जपानांत वाफवण्याची रीत आजहि चालू आहे. त्यामुळें जपानी हिरव्या चहाचा रंग गडद व वास ओल्या भाजीसारखा असतो, तर चिनी चहास भाजलेल्या कडधान्याची आठवण करून देणारा खमंगपणा असतो.

लवकरचा चहा तोच उत्तम, हें सूत्र सर्वत्र सारखें लागू पडत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे. आन्हवे प्रांतांतील ल्यूआन ग्वाप्यान या चहांत कोंब मुळींच नसतो. पुरतें उमललेलें पानच देंठ काढून घेतात, आणि त्याची खुडणी गूयूच्या सुमारास होते. त्याच प्रांतांतील थायपिंग हौख्वी हा लांबलचक पानांचा चहाहि उशिरांचाच. त्यांना अंगानें भरलेलें पान लागतें. शिवाय प्रांताप्रांताचें हवामान निराळें. सेच्वानच्या उबदार भागांत पाला कित्येक आठवडे आधीं येतो. तेथील फेब्रुवारीचा पाला छिंगमिंगपूर्वींचा खरा, परंतु त्यावरून तो हांगचौच्या मार्चअखेरच्या पाल्याची बरोबरी करतो असें ठरत नाहीं. देवगडचा आंबा आणि इतर ठिकाणचा आंबा एकाच महिन्यांत पेठेंत आला म्हणून दोन्हींची चव एक होत नाहीं, तसेंच हें आहे.

उन्हाळ्याचा पाला टाकाऊ असतो असेंहि समजूं नये. जकियांगमध्यें पानाच्या घट्ट गोळ्या वळून जो चहा करतात, त्याला बंदुकीच्या दारूच्या दाण्यांवरून इंग्रजींत गनपावडर असें नांव पडलें आहे. तो मोठ्या प्रमाणांत आफ्रिकेंतील मोरोक्को देशांत जातो. तेथील लोक त्यांत ताजा पुदिना व भरपूर साखर घालून तो पितात. त्या साखरेपुढें नाजूक चहा टिकला नसता. तेथें तुरटपणाच उपयोगी पडतो. शरद ऋतूंतल्या पाल्यास वास बरा असतो, पण रस पातळ. एकंदरींत चहा चांगला कीं वाईट हें तो कशासाठीं घ्यावयाचा यावर पुष्कळ अंशीं अवलंबून असतें.

पुण्याच्या ग्राहकानें म्हणून डब्यावरील चित्रापेक्षां दोन गोष्टी पाहाव्या : खुडणीचें वर्ष व महिना, आणि प्रांताचें नांव. या दोन्ही गोष्टी छापलेल्या नसतील तर वसंतचहाची किंमत देण्याचें कारण नाहीं. रंगावर भाळूं नये. फॉर्च्यूननें चीनमध्यें परदेशीं पाठवावयाच्या हिरव्या चहास निळा रंग व शिरगोळ्याची पूड चोपडतांना पाहिलें होतें, कारण गिऱ्हाईकास तो अधिक हिरवा हवा होता. खरा लुंगचिंग गडद हिरवा नसून किंचित् पिंवळसर, हातसडीच्या तांदळाच्या छटेचा असतो. चांगलें पान गरम पाण्यांत उलगडलें म्हणजे कोंब आणि पान अखंड दिसतात. वास स्वच्छ येतो. कागदी पिशव्यांतून येतो तो बहुधा चुरा असतो. त्यांतून तुरटपणा लवकर उतरतो, आणि त्यावरून सबंध हिरव्या चहाची परीक्षा करणें म्हणजे कण्यांवरून आंबेमोहोराची परीक्षा करणें होय.

आतां चहा करण्याची रीत. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच असल्यामुळें येथें पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतें. तरीहि कोंवळ्या पाल्यास तें फार कढत होतें. आधण उतरवून, झांकण काढून कांहीं मिनिटें निवूं द्यावें. ८० अंशांच्या जवळपास आलें म्हणजे तें योग्य झालें. दीडशें मिलिलिटर पाण्यास सुमारें तीन ग्रॅम, म्हणजे वाटींत तळ झांकेल इतका पाला घ्यावा, आणि दोन-तीन मिनिटांत पाणी गाळून घ्यावें. कढत पाण्यांत तुरट द्रव्यें भराभर उतरतात. कोंबट पाण्यांत थियानिनचा गोडवा आधीं उतरतो. सगळी किमया एवढीच. तोच पाला आणखी दोन वेळां वापरतां येतो, आणि पुष्कळांस दुसरें पाणीच अधिक रुचतें. यामुळें महाग वाटणारा चहा प्रत्येक पेल्यास तितका महाग पडत नाहीं.

साठवणीची काळजी पुण्यांत विशेष घ्यावी लागते. मृग लागल्यापासून चार महिने हवा दमट असते, आणि वसंतचहा येथें पोंचतो तो नेमका त्याच सुमारास. कोरडा पाला ओलावा व वास दोन्ही झपाट्यानें ओढून घेतो. गोड्या मसाल्याच्या किंवा हिंगाच्या डब्याशेजारीं ठेवलेला चहा पंधरवड्यांत आपला राहत नाहीं. लहान, घट्ट झांकणाचा, प्रकाश आंत न जाऊं देणारा डबा वापरावा, एका वेळीं थोडाच चहा आणावा, आणि फोडलेला डबा दोन-तीन महिन्यांत संपवावा. हिरवा चहा जपून ठेवण्याची वस्तु नव्हे. वर्षानंतर तो बिघडत नसला तरी त्याचा जीव गेलेला असतो.

राहतां राहिला प्रकृतीचा प्रश्न. या चहानें वजन उतरतें अशी मोठी समजूत आहे. कॉक्रेन या संस्थेनें २०१२ सालीं अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. वजनांतील घट इतकी अल्प आढळली कीं वैद्यकीय दृष्ट्या तिला महत्त्व देतां येईना. याउलट, चहांतील द्रव्यांचा अर्क काढून केलेल्या गोळ्यांत धोका असूं शकतो. साधा चहा सामान्यतः निर्धोक आहे, परंतु गोळ्यांच्या रूपानें दररोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक मुख्य कॅटेचिन पोटांत गेल्यास यकृतास इजा होत असल्याचीं चिन्हें दिसतात, असा निष्कर्ष युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें २०१८ सालीं काढला. दुसरी गोष्ट अधिक घरगुती आहे. चहांतील तुरट द्रव्यें भाजीपाल्यांतील लोह शरीरांत शोषलें जाण्यास अडथळा करतात. ज्या घरीं आहार शाकाहारी आहे आणि बायकांस पंडुरोगाचा त्रास आहे, तेथें हा चहा जेवणाबरोबर न घेतां तासाभराच्या अंतरानें घ्यावा. झोंप उडवणारें कॅफीन त्यांतहि असतेंच, म्हणून रात्रीं तो वर्ज्य करणें बरें. एवढें सांभाळलें तर त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु औषध म्हणून त्याची स्तुति करणें हाहि त्याच्यावर एक प्रकारचा अन्यायच आहे. कोणी हुरडा औषध म्हणून खात नाहीं. तो त्या दिवसांत चांगला लागतो म्हणून खातात, आणि दिवस सरले कीं पुढच्या पौषाची वाट पाहतात.

पुण्याच्या अमृततुल्यास या पाल्यानें धक्का लागण्याचें भय नाहीं, आणि लागावा असेंहि नाहीं. दोघांचे पेले निराळे, वेळा निराळ्या. परंतु बाराहि महिने एकाच चवीचा चहा पिणाऱ्या शहरास वर्षांतून कांहीं दिवस ऋतूची चव देणारें एक पान मिळत असेल, तर तें कढवून वायां घालवूं नये. दूरच्या टेकडीवर कोणा बाईनें दोन बोटांनीं उचललेला तो कोंब आहे. आधण खालीं उतरवून थोडा वेळ थांबलें, तर तिचे श्रम येथल्या पेल्यांत सार्थकीं लागतात.